चायनीज चालते, मग डुक्कर का नाही?

गडहिंग्लजमध्ये चायनीज साऱ्यांना चालते; डुकराचे मटण म्हटले की मात्र अनेकांची नाके मुरडतात. पण चिनी माणूस नुसते 'मांस' म्हणतो तेव्हा त्याला बहुधा डुकराचेच अभिप्रेत असते. चिनी लिपीत 'घर' या अक्षरात छपराखाली डुक्कर आहे! आपल्याकडे ते खाणाऱ्या कष्टकऱ्यांनाच गावकुसाबाहेर ठेवले.

बंधू-भगिनींनो, हा पदार्थ घरीच करा. शेंगतेलात आले, लसूण, संकेश्वरी मिरची टाका. मांसाचे पातळ काप मोठ्या आचेवर आतपर्यंत शिजेतो परता. शेवटी सोया सॉस, म्हणून मीठ बेतानेच. सोबत आजऱ्याच्या घनसाळचा भात.

विटाळ मांसात कुठून येणार? तो उतरंड रचणाऱ्यांच्या डोक्यात आहे. शिजवताना खिडकी उघडी ठेवा.