परसातील साठवणीचे पाणी आणि डासांचा बंदोबस्त

अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असते. पिण्याचे गोडे पाणी दुरून नळाने येते व ते रोज येईलच असा भरवसा नसतो. त्यामुळे रांजण, पिंपे व टाकी भरून ठेवणे तेथील गृहिणीस भागच पडते. अशा गावी 'पाणी साठवू नका' असा उपदेश करणे व्यर्थ होय. साठवण चालू ठेवूनही तीत डास कसे होऊ देऊ नयेत, याचाच येथे विचार केला आहे.

डासाची वाढ

कपाशीवरील बोंडअळी ज्याने पाहिली आहे त्याला डासाचा जीवनक्रम समजण्यास अडचण पडणार नाही. पतंगाप्रमाणेच डासाच्याही अंडी, अळी, कोष व पूर्ण वाढलेला कीटक अशा चार अवस्था असतात. अळी व कोष या अवस्था पाण्यातच पार पडतात. आपल्याकडील उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात. म्हणून दर ७ दिवसांनी पाण्यातील अळीचा नाश केल्यास डास जन्मासच येत नाही.

डेंग्यू व चिकनगुनिया यांचा प्रसार करणारा एडिस डास घरातील स्वच्छ पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. हिवतापाचा ॲनाफिलीस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात, तर क्युलेक्स डास गटारे व डबकी यांच्या घाण पाण्यात होतो. एडिस डास फार दूर उडत नाही. तेव्हा आपणांस चावणारा डास बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या परसातच जन्मलेला असतो.

केवळ फवारणी का पुरत नाही

१९५३ साली देशात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे. डीडीटीच्या फवारणीने ही संख्या १९६५ साली सुमारे एक लाखावर आली. परंतु १९७६ साली ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. डासांनी औषधास दाद न देणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. औषध कालांतराने निष्प्रभ होऊ शकते. परंतु अळीचे पाणीच काढून घेतल्यास तिला जगण्याचा दुसरा मार्ग राहत नाही.

साठवणीच्या पाण्याची व्यवस्था

१. जुने पाणी आधी वापरावे. भांड्यांना क्रम लावून जे प्रथम भरले ते प्रथम रिकामे करावे. अर्धवट भरलेल्या भांड्यात नवे पाणी ओतू नये.

२. भांडे रिकामे होताच पाण्याच्या रेषेजवळची आतील बाजू काथ्याने खरखरून घासावी. एडिसची अंडी तेथेच चिकटलेली असतात व कोरड्या भांड्यातही ती काही महिने जिवंत राहतात. नुसते विसळल्याने ती निघत नाहीत.

३. पाणी ओतून देणे परवडत नसेल तर आठव्या दिवसाची वाट न पाहता ते दुहेरी कापडातून दुसऱ्या घासलेल्या भांड्यात गाळून घ्यावे. कापडावर राहिलेल्या अळ्या कोरड्या मातीत झटकाव्यात.

४. भांड्याच्या तोंडावर घट्ट कापड बांधावे. सैल झाकणाच्या फटीतून डास आत शिरतो.

५. जे मोठे टाके रिकामे करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडण्याविषयी किंवा अळीनाशक टाकण्याविषयी आरोग्य सेवकाचा सल्ला घ्यावा. गप्पी मासे नदीनाल्यात मात्र सोडू नयेत. तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो.

पावसाळा लागताच कूलरमधील पाणी काढून टाकी पुसून कोरडी करावी. जुने टायर, करवंट्या व फुटकी मडकी उघड्यावर ठेवू नयेत. गुरांची डोणी आठवड्यातून एकदा घासावी. संडासाच्या वायुनळीस बारीक जाळी बांधावी.

सांडपाणी

नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून डासांचा उपद्रव आटोक्यात आणला, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्याचे अनुकरण करण्यापूर्वी आपली जमीन पाहावी. खड्डा मुरमापर्यंत पोहोचत असेल तर पाणी मुरते. खारपाणपट्ट्यातील खोल, चिकण काळ्या जमिनीत ते मुरत नाही व खड्डाच डबके बनतो. तेथे न्हाणीचे पाणी लहान चरांनी परसबागेतील केळी व अळू यांस द्यावे आणि दररोज चर बदलावा, म्हणजे पाणी एका जागी साचणार नाही.

ताप आल्यास

रुग्णास चावलेला डासच पुढे रोग पसरवितो. म्हणून तापाच्या रुग्णास दिवसाही मच्छरदाणीत निजवावे व प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूचा संशय असता ॲस्पिरिन देऊ नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी साऱ्या गावासाठी एकच वार ठरवावा. आठवडी बाजाराचा वार सर्वांच्या ध्यानात राहतो. त्या दिवशी प्रत्येक आळीतील भांडी घरधन्यासमक्ष पाहावीत आणि पाण्यात वळवळणारी अळी त्याला प्रत्यक्ष दाखवावी. एका घराने भांडी घासली व शेजारचा रांजण तसाच राहिला, तर दोन्ही घरांत ताप येतो.