शुश्रूषा

अहिल्यानगर शहरातून मनमाडच्या रस्त्याने निघालात, की थोड्याच वेळात नागापूर लागते. या शहराला २०२४ पर्यंत आपण अहमदनगर म्हणत होतो. नागापूर म्हटले की लोकांना औद्योगिक वसाहत आठवते. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, मालमोटारींच्या रांगा आणि पाळी संपवून घरी परतणारे कामगार, असे इथले रोजचे दृश्य असते.

याच वसाहतीच्या परिसरात एक वेगळी जागा आहे. तिचे नाव 'स्नेहालय'. येथे मुले राहतात, शिकतात, खेळतात. येथे एक रुग्णालयही आहे. गिरीश कुलकर्णी या तरुणाने १९८९ साली हे काम सुरू केले. शहरातील एका वस्तीत शोषित स्त्रियांची मुले अतिशय वाईट परिस्थितीत वाढत होती. त्या मुलांना सुरक्षित जागा मिळावी, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. पण काही वर्षांतच एक मोठे संकट पुढे आले. काही स्त्रियांना आणि मुलांना एच.आय.व्ही.ची बाधा झालेली होती. मग निवाऱ्याबरोबर उपचारही करणे भाग पडले.

एच.आय.व्ही. हा एक विषाणू आहे. आपल्या रक्तात सी.डी.४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगाशी लढणाऱ्या सैन्याला हुकूम देणारे ते सरदार आहेत, असे समजा. हा विषाणू नेमका त्या सरदारांवरच हल्ला करतो. निरोगी प्रौढ माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारणपणे ५०० पेक्षा जास्त असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, की शरीराचे दरवाजे उघडे पडतात. मग क्षय येतो, जुलाब लागतात, तोंडात बुरशी वाढते, फुप्फुसे सुजतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे नाव एका रोगाचे असले, तरी रुग्णाच्या अंगावर चार-पाच आजार एकदमच चालून आलेले असतात.

तुम्हाला ताप आला, तर काय होते? आई दवाखान्यात नेते, डॉक्टर तपासतात, गोळ्या देतात आणि तीन दिवसांत तुम्ही पुन्हा क्रिकेट खेळायला मोकळे होता. एक आजार, एक औषध. परंतु ज्याला एकाच वेळी अनेक आजार आहेत, त्याचे तसे नसते. गुंतलेला दोरा तुम्ही सोडवला असेलच. घाईने एक टोक ओढले, की दुसरीकडची गाठ आणखी घट्ट होते. अशा रुग्णाचे शरीरही तसेच असते.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, दहा वर्षांची एक मुलगी आहे. तिचे आईवडील गेले आहेत. आजी तिला घेऊन रुग्णालयात आली आहे. मुलीला दोन महिन्यांपासून खोकला आहे, रात्री घाम येतो, कान वाहतो आणि वजन सहा-सात वर्षांच्या मुलीएवढे आहे. तपासणीत कळते, की तिला एच.आय.व्ही. आहे आणि क्षयही आहे. आता डॉक्टरांनी आधी काय करावे?

तुम्ही म्हणाल, तिला पोटभर जेवू घाला. येथेच पहिली गाठ आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडते आणि जिवालाही धोका होऊ शकतो. म्हणून तिला सुरुवातीला थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा द्यावे लागते. दोन-दोन तासांनी वाटी घेऊन तिच्याजवळ कोणीतरी बसावे लागते. हे काम यंत्र करीत नाही.

दुसरी गाठ औषधांची. दोन्ही रोगांची औषधे एकाच दिवशी सुरू करीत नाहीत. आधी क्षयाची सुरू करतात. ती अंगी लागली, की बहुधा दोन आठवड्यांच्या आत एच.आय.व्ही.ची औषधे सुरू होतात. क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला असेल, तर आणखी थांबावे लागते. क्षयावरच्या औषधांत रिफाम्पिसिन नावाचे एक प्रभावी औषध आहे. ते यकृताला इतके कामाला लावते, की यकृत इतर औषधेही झपाट्याने शरीराबाहेर टाकू लागते. त्यामुळे एच.आय.व्ही.वरचे डोल्युटेग्राविर हे औषध, जे एरवी दिवसातून एकदा पुरते, ते या काळात दोनदा द्यावे लागते. ज्या डॉक्टरांना फक्त क्षयाचे ज्ञान आहे, त्यांच्या हे लक्षात राहिले नाही तर? म्हणूनच अशा रुग्णाला तज्ज्ञ लागतो, आणि तोही सगळा रुग्ण एका नजरेत पाहणारा.

याच रिफाम्पिसिनमुळे लघवीचा रंग नारिंगी-लाल होतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण हे आधी सांगितले नाही, तर आजीला वाटते की मुलीच्या अंगातून रक्तच जात आहे. ती औषध बंद करते. क्षयाचे उपचार साधारणपणे सहा महिने चालतात. ते मध्येच सोडले, तर जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला दाद देईनासे होतात. एक मिनिट बसून दोन वाक्ये सांगितली असती, तर हे टळले असते.

तिसरी गाठ तर अगदी विचित्र आहे. एच.आय.व्ही.चे औषध सुरू झाल्यावर काही रुग्णांची प्रकृती काही आठवडे बिघडल्यासारखी दिसते. ताप वाढतो, गळ्याच्या गाठी सुजतात. औषध चुकले म्हणून हे होते, असे समजू नका. झोपी गेलेले सैन्य जागे होते आणि शरीरात लपलेल्या जंतूंवर तुटून पडते. त्या लढाईची ती आग असते. डॉक्टर ते ओळखतात आणि गरज पडली तर सूज उतरवणारे औषध देतात. पण आजीने काय समजावे? तिने विश्वास ठेवावा, यासाठी आधीचे दहा-पंधरा दिवस कोणीतरी तिच्याशी आपुलकीने बोललेले असावे लागते.

पाहा, आपण औषधांविषयी बोलत होतो आणि बोलता बोलता माणुसकीवर आलो. मला वाटते, अशा रुग्णांच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. दया ही उपचारानंतर वरून शिंपडायची साखर नाही. ती नसेल, तर उत्तम औषधही डबीतच राहते.

मराठीत एक जुना शब्द आहे, शुश्रूषा. रुग्णाची सेवा या अर्थाने आपण तो वापरतो. तुमच्या उर्दूत त्यालाच तीमारदारी म्हणतात. पण शुश्रूषा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ आहे, ऐकण्याची इच्छा. सेवेची सुरुवात ऐकण्यापासून होते, हे ज्याने हा शब्द घडवला त्याला ठाऊक असावे.

आणखी एक शब्द पाहा. 'इलाज' हा शब्द मराठीने तुमच्याच भाषेच्या घरातून घेतला आणि त्याला 'ना' जोडून 'नाइलाज' वापरात आणला. एच.आय.व्ही.च्या बाबतीत अनेक वर्षे हाच शब्द खरा होता. भारतात या विषाणूचा शोध १९८६ साली मद्रासमध्ये लागला. त्या कामात डॉ. सुनीती सॉलोमन पुढे होत्या. त्यांचे माहेरचे आडनाव गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात त्या वाढल्या होत्या. पुढे १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने एक केंद्र काढले आणि ज्या रुग्णांना कोणी जवळ करीत नव्हते, त्यांना तेथे तपासले.

१९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत निघाली. पण तिचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरपेक्षाही जास्त होता. आपल्याकडील गरीब रुग्णाला ते औषध असून नसल्यासारखेच होते. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत ही औषधे देण्याची तयारी दाखवली, आणि सगळे जग चकित झाले. तीन औषधे एकाच गोळीत बसवण्याचे कामही त्यांच्या कंपनीने केले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोजक्या केंद्रांत ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. लहान मुलांसाठी वेगळा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला.

म्हणजे स्नेहालयाच्या पहिल्या पंधरा वर्षांत मोफत सरकारी औषध मिळतच नव्हते! त्या काळात अशा रुग्णांसाठी काय करता येत असे? जखमा धुणे, ताप उतरवणे, सोबतीला आलेल्या आजारांवर उपचार करणे, भरवणे आणि शेवटपर्यंत जवळ बसणे. रोग बरा करता येत नसला, तरी रुग्णाचे दुःख कमी करता येते. ही वैद्यकशास्त्राची एक स्वतंत्र शाखाच आहे.

आज चित्र पालटले आहे. औषध नियमित घेणारी मुले मोठी होतात, नोकरी करतात, संसार करतात. आईला वेळेवर औषध मिळाले, तर बाळाला बाधा होण्याचा धोका अगदी थोडा राहतो. पण एक आजार मात्र अजून पुरता गेलेला नाही, तो म्हणजे लोकांची भीती. एच.आय.व्ही. हात मिळवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, डास चावल्यानेही होत नाही. तरीही अशा मुलाला शाळेत घेऊ नये म्हणून पालक अडून बसल्याच्या घटना घडल्या आहेत. २०१७ साली झालेला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला कायदा सांगतो, की या कारणावरून कोणालाही शाळा, नोकरी किंवा उपचार नाकारता येणार नाहीत.

नागापूरहून याच मनमाड रस्त्याने पुढे गेलात, की शिंगवे नाईक हे गाव येते. तेथे डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याची 'माऊली' ही संस्था आहे. सुरुवातीला हे दोघे रस्त्याच्या कडेला पडलेल्या निराधार माणसांना घरचे अन्न नेऊन देत असत. पुढे त्यांच्या लक्षात आले, की अशा मनोरुग्ण स्त्रियांना केवळ अन्न पुरेसे नाही, त्यांना घर हवे. म्हणून त्यांनी निवारा उभारला. या स्त्रियांचा गुंता आणखी अवघड असतो. आपल्या दहा वर्षांच्या मुलीने निदान 'कान दुखतो' एवढे तरी सांगितले असते. मनाचा तोल गेलेल्या स्त्रीला आपले काय दुखते हे सांगता येत नाही, कधी आपले नावही सांगता येत नाही. ती जेवण दूर सारते. ते रागाने की दात दुखतो म्हणून, हे पाहणाऱ्याने ओळखायचे. रोज तिच्याबरोबर राहणाऱ्यालाच ते ओळखता येते.

आता आपल्या त्या मुलीकडे परत येऊ. तिचा क्षय बरा झाला. ती वाढू लागली. वजन वाढले, की औषधाची मात्रा बदलते, म्हणून दर भेटीला तिला काट्यावर उभे करतात. मग एक दिवस ती विचारते, "माझ्या मैत्रिणी गोळ्या घेत नाहीत, मग मीच का?" तिला तिच्या वयाला झेपेल एवढे खरे सांगावे लागते, थोडे आज, थोडे पुढच्या वर्षी. हे काम समुपदेशक करतात.

काही वर्षांनी तिची गोळी एकच होते, रात्री आठ वाजता घ्यायची. डबीत तीस गोळ्या असतात. तीस दिवसांनी ती केंद्रावर येते, तेव्हा समुपदेशक डबी उघडून उरलेल्या गोळ्या मोजतात. समजा, चार उरल्या. रागावले, तर पुढच्या वेळी ती मुलगी चार गोळ्या वाटेत फेकून देईल आणि रिकामी डबी दाखवील. म्हणून ते नुसते विचारतात, "हे चार दिवस घरी काय होते?" ती बराच वेळ गप्प राहते. मग सांगते, की घरी पाहुणे आले होते आणि त्यांच्यासमोर डबी काढायची लाज वाटली. त्या दिवसापासून तिच्या कार्डावर आठऐवजी साडेनऊ लिहिले जाते, कारण तोपर्यंत पाहुणे झोपलेले असतात.