ऊस फडात, जीव टांगणीला

(शेतकी विभागाकडून)



शेतकी विभागाचे पान उघडले की लागणीची तारीख, बेण्याची निवड, खताचा हप्ता, हुमणीचा बंदोबस्त हेच वाचायला मिळणार, अशी आपली खात्री असते. या अंकात मात्र आम्ही ऊस बाजूला ठेवून ऊस लावणाऱ्या माणसाविषयी चार शब्द लिहीत आहोत. त्याला कारण घडले ते गेल्या हंगामात, आमच्याच एका गट ऑफिसात.

मार्च संपत आला होता. ऊन मी म्हणत होते. एक जुने सभासद, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दुपारी बाराच्या सुमारास गट ऑफिसात आले. तीन एकर खोडवा उभा, घरात मुलीचे लग्न धरलेले आणि फडात टोळीचा पत्ता नाही. आल्या आल्या चिटबॉयशी त्यांची शब्दाला शब्द लागून बोलाचाली झाली. बोलता बोलता आबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, छातीवर हात धरून ते बाकावर बसले ते बसलेच. आम्ही घाबरलो. जीपमध्ये घालून तालुक्याला नेले. वाटेत सगळ्यांच्या मनात एकच, हार्टचा झटका.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो ठीक निघाला. पण रक्तदाब १९० वर ११० आणि रक्तातली साखर ३४०. डॉक्टरांनी विचारले, "साखरेच्या गोळ्या घेता का?" आबा गप्प. काकूंनी सांगितले, "दोन महिने झाले, बंद केल्यात. बिल आल्यावर आणू म्हणत्यात. आणि रात्री डोळ्याला डोळा न्हाई त्यांच्या."

डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन म्हणाले, "साहेब, ह्यांना दोन दुखणी आहेत. एक रक्तात आहे आणि एक डोक्यात आहे. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालताहेत."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. तेव्हापासून या विषयावर जे वाचले, डॉक्टर मंडळींना विचारले, ते आपल्या भाषेत येथे मांडत आहोत.

उसाचा ताण आणि माणसाचा ताण

ताण हा शब्द आपल्याला नवा नाही. ऊस पक्व झाला की तोडणीआधी दोनेक आठवडे आपण पाणी तोडतो. त्या थोड्या ताणाने वाढ थांबते, साखर भरते, उतारा वाढतो. पण तोच ताण ऐन वाढीच्या काळात बसला, किंवा महिनोन्‌महिने राहिला, तर कांड्या आखूड पडतात, वजन घटते. थोडा ताण कामाचा, लांबलेला ताण घाताचा, हे आपण फडात रोज बघतो.

माणसाच्या देहाचेही असेच आहे. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली एक ग्रंथ लिहून दाखवून दिले की भीती किंवा राग आला म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात उतरतो. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडली जाते. का, तर पळायला किंवा लढायला अंगात बळ यावे म्हणून. पाचट काढताना पायाजवळ नाग सळसळला की आपण एका उडीत सरीपार होतो, ती या रसाची करामत. धोका टळला की थोड्या वेळात सारे जागच्या जागी येते.

पण चिंता ही काही नागासारखी सळसळून निघून जात नाही. ती उशाशी बसते. सोसायटीचा हप्ता, लग्नाची तारीख, वाळत चाललेला ऊस. शरीराला नाग आणि नोटीस यांतला फरक कळत नाही. ते आपले रक्तात साखर सोडीतच राहते. जो धडधाकट आहे तो काही काळ निभावतो. ज्याला आधीच मधुमेह आहे आणि ज्याने गोळ्याही सोडल्या आहेत, त्याचे आबांसारखे होते.

१९३६ साली कॅनडात हान्स सेल्ये नावाच्या डॉक्टरांनी उंदरांवर प्रयोग केले. थंडी, इजा, अतिश्रम, त्रास कोणताही असो, बरेच दिवस तो दिला की सर्व उंदरांत तीन बदल एकसारखे दिसले. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी फुगल्या, रोगाशी झुंजणाऱ्या ग्रंथी आक्रसल्या आणि पोटात जखमा झाल्या. लांबलेल्या ताणाचा अभ्यास येथून खऱ्या अर्थाने सुरू झाला.

माणसांवरही पुढे पाहणी झाली. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, घरातल्या स्मृती गेलेल्या वृद्धांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या त्याच वयाच्या १३ स्त्रिया घेतल्या. दोन्हींच्या हातावर सारखीच बारीकशी जखम केली. सेवेने थकलेल्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. कोयता लागलेली जखम चिघळली की आपण मलमाला नावे ठेवतो. साखर तपासावीच, पण घरात काय चालले आहे हेही एकदा विचारावे.

खुद्द ऊसवाल्यांची परीक्षा

आता जे सांगतो ते तर आपल्याच जातकुळीचे आहे. तमिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांची पाहणी करून काही संशोधकांनी २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. एकाच शेतकऱ्याला तोडणीपूर्वी, म्हणजे हात तंगीत असताना, बुद्धीची कोडी घातली आणि ऊस जाऊन पैसे हाती आल्यावर तशीच कोडी पुन्हा घातली. शेतकरी तोच, डोके तेच. पण तोडणीनंतर त्यालाच कोडी अधिक चांगली सुटली. तेथेही आपल्यासारखीच कारखाना तोडणीची पाळी लावतो, म्हणून कोणाचा ऊस आधी तर कोणाचा महिन्यांनी गेला होता. त्यामुळे हा फरक हवामानाचा किंवा सणासुदीचा म्हणता येईना. नाडी आणि रक्तदाबही मोजले, तेही तोडणीपूर्वी चढे होते. मात्र केवळ ताणाने हा फरक पुरता उलगडेना. पैशाची विवंचनाच डोक्यातली जागा अडवून बसते, असा संशोधकांनी अर्थ लावला. यावर पुढे शास्त्रज्ञांत वादही झाला, तो होणारच. पण आम्हाला त्यात आमचा रोजचा अनुभव दिसला. तंगीच्या दिवसांत चांगला हुशार माणूस चढ्या व्याजाने पैसे उचलतो, खताचा हप्ता विसरतो, गोळ्या बंद करतो. लोक म्हणतात, अक्कल गहाण टाकली. अक्कल कुठे जात नाही, ती दुसरीकडे गुंतलेली असते.

उलटी वाटही आहे

मन शरीराला ओढते तसे शरीरही मनाला ओढते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले की माणूस सुस्त, उदास होतो. रक्त कमी असले की कशातच उत्साह वाटत नाही. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की विसराळूपणा येतो, चिडचिड होते. घरचे म्हणतात आळशी झाला, बाईला म्हणतात अंगात आले. खरे म्हणजे रक्ताची साधी तपासणी करायला हवी असते.

झोपेचेही तसेच. रात्रपाळीच्या लाइटीवर पाणी धरणाऱ्याला हे सांगायला नको. १९९९ साली शिकागोतल्या संशोधकांनी अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले. एवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची ताकद घटली. म्हणून आठवडाभर रात्रीचे पाणी धरले असेल तर दिवसा दोन तास पडणे हा आळस समजू नये.

पण सगळेच मनाचे नाही

येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पोटातला अल्सर म्हणजे विचार करून करून झालेले दुखणे, असे एकेकाळी मोठमोठे डॉक्टर सांगत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी या अल्सरमागचा जंतू शोधून काढला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन पोटाची जळजळ ओढवून घेतली. पुढे २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या दुखण्याला लोक "चिंता सोडा" म्हणत होते, त्यातले पुष्कळसे जंतूवरच्या औषधांनी बरे होऊ लागले. म्हणून दुखणे मनाचे आहे असे तपासणीआधी कोणी म्हणू नये, आणि रोग्याला "तुझ्या डोक्यातच आहे सगळं" असे तर कधीच म्हणू नये.

दुसरी बाजूही आहे. सुई टोचल्याशिवाय किंवा सलाईन लावल्याशिवाय बरे वाटत नाही, असे म्हणणारी मंडळी गावोगावी आहेत. यात सगळेच ढोंग नसते. बरे वाटणार या भरवशाने वेदना, मळमळ, अस्वस्थता खरोखर कमी होते, हे प्रयोगांनी दिसले आहे. पण भरवशाने क्षयाचे जंतू मरत नाहीत आणि अंगाऱ्याने रक्तातली साखर उतरत नाही. देवाला नारळ जरूर फोडावा, गोळी मात्र वेळेवर घ्यावी.

आमचीही चूक

आता जे लिहिणार आहोत ते लिहिताना आम्हाला संकोच वाटतो. आबांचा ऊस एप्रिलच्या मध्यावर गेला. गोळ्या चालू होत्या, झोप लागू लागली होती, साखर १६० वर आली. आम्ही भेटायला गेलो. चहा झाल्यावर आबा म्हणाले, "साहेब, ऊस उशिरा गेला त्याचं काही वाटत नाही. उशीर सोसला असता. पण तुम्ही दर खेपेला 'परवा टोळी येते' म्हणायचा. मग पहाटेपासून रस्त्याकडं डोळं लावून बसायचं. ते सोसलं नाही बघा."

आम्हाला उत्तर सुचले नाही. टोळी अर्ध्यातून गावी निघून गेली होती आणि दुसरी केव्हा मिळेल हे आम्हालाच ठाऊक नव्हते. खरे सांगितले तर माणूस चिडेल, म्हणून आम्ही 'परवा' म्हणत गेलो. आम्हाला तो धीर वाटत होता.

पुढे वाचताना कळले की २०१६ साली लंडनमध्ये ४५ माणसांवर याचाच प्रयोग झाला होता. हाताला विजेचा हलका झटका बसणार की नाही, याचा अंदाज त्यांना करायचा होता. ज्यांना झटका नक्की बसणार हे ठाऊक असे, त्यांच्यापेक्षा बसेल की नाही अशा अर्ध्या-अर्ध्या संशयात असताना माणसांच्या अंगावर जास्त ताण दिसला. वाईट बातमीपेक्षा टांगणी वाईट. आबांनी तेच चहाच्या कपावर सांगितले होते.

म्हणून या हंगामापासून आम्ही शेतकी विभागातल्या सर्वांनी एक नियम धरला आहे. क्रमपाळीची यादी प्रत्येक गट ऑफिसाच्या फळ्यावर लागेल आणि दर सोमवारी ती दुरुस्त होईल. उशीर होणार असेल तर "उशीर होणार" असेच लिहिले जाईल, किती दिवसांचा तेही लिहिले जाईल. ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही, सोमवारी सांगतो" असे सांगू. 'परवा' हा शब्द आम्ही सोडला आहे. कोणी कर्मचारी तो वापरताना आढळला तर सभासदांनी आम्हाला जरूर कळवावे.

सभासदांकडूनही आमची अपेक्षा आहे. बिल येईपर्यंत काय थांबवायचे ते थांबवा, पण साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवू नका. सरकारी दवाखान्यात त्या मिळतात, तेथून आणा. चाळिशी ओलांडलेल्याने वर्षातून एकदा तपासून घ्यावे. आपल्या भाऊबंदांत कोणी अबोल झाला असेल, जेवण टाकले असेल, "आता काय राहिलंय" अशी भाषा करीत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. जवळ बसा, सरळ विचारा, डॉक्टरकडे न्या. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' नावाची फोनसेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. फोन केला म्हणजे माणूस वेडा ठरत नाही. फडाला हुमणी लागली तर आपण आम्हाला फोन करताच ना? तसेच हे.

आबांच्या मुलीचे लग्न ठरल्या तारखेलाच पार पडले. आम्ही गेलो होतो. आबा मांडवाच्या दारात फेटा बांधून उभे होते. आम्हाला बघताच हसून म्हणाले, "या साहेब, पंगत परवा न्हाई, आत्ताच हाय."

आपला,
ऊस विकास अधिकारी