नळाला पाणी, पण नदीला किती? काशीगाव ते सूर्या

एपिसोड ऐकताना आकडे कानावरून निघून जातात, म्हणून हा लिखित भाग. निवांत वाचा.

उन्हाळा आला की आपल्या काशीगावात सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो : "टँकर आला का?" आणि त्यावर एकच उत्तर : "सूर्याचं पाणी आलं की सुटेल सगळं." ही सूर्या नक्की कोण, आणि आपल्यासाठी पाणी दिल्यावर तिच्याकडे काय उरतं, हे आज बघू.

सूर्या कुठली?

सूर्या ही पालघर जिल्ह्यातली, वैतरणेला मिळणारी नदी. तिच्यावर धामणीचं धरण आहे आणि त्याच्या खाली कवडासचा बंधारा. हा प्रकल्प आधी आखला गेला तो मुख्यतः डहाणू, पालघर, विक्रमगडकडच्या शेतीसाठी. नंतर शहरं वाढली. एमएमआरडीएच्या सूर्या योजनेतून रोज 403 दशलक्ष लिटर पाणी उचलायचं ठरलं : 185 वसई-विरारला, 218 मिरा-भाईंदरला. डोंगरातून बोगदे काढून पाणी इकडे आणायचं. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी याला विरोध केला, कारण कालव्याचं पाणी त्यांच्या शेतापर्यंत नीट पोचायच्या आतच शहराचा पाईप पुढे गेला.

403 म्हणजे किती?

भागाकार करून बघा. सेकंदाला साधारण 4,660 लिटर. म्हणजे दर दोन सेकंदांनी दहा हजार लिटरचा एक टँकर, रात्रंदिवस, वर्षभर. जुलैत सूर्या दुथडी भरून वाहते तेव्हा हे कुणाला जाणवणारही नाही. मे महिन्यात मात्र हीच मोठी गोष्ट असते.

अजून एक मुद्दा. शेतात सोडलेल्या पाण्यातलं थोडं जमिनीत मुरतं, विहिरींना मिळतं, ओढ्यातून परत नदीत येतं. आपण वापरलेलं पाणी सूर्येत परत जात नाही. ते आपल्या गटारातून खाडीला आणि समुद्राला. नदीच्या हिशोबात ते कायमचं गेलं.

किमान प्रवाह म्हणजे काय?

बँकेतला मिनिमम बॅलन्स आठवा. खातं तुमचं, पैसे तुमचे, तरी ठराविक रक्कम काढायची नाही. नदीतही तसंच काही पाणी वाहतं ठेवावं लागतं. ते ठेवलं नाही तर डोह आटतात, मासे मरतात, काठच्या विहिरींची पातळी उतरते. आणि नदीचा जोर कमी झाला की भरतीचं खारं पाणी खाडीतून आणखी वर शिरतं.

बरेच जण म्हणतात, "समुद्राला जाणारं पाणी वायाच जातं ना?" नाही. तेच गोडं पाणी खाऱ्या पाण्याला अडवून धरतं आणि खाडीतल्या मासेमारीला जगवतं.

2012 च्या राष्ट्रीय जलनीतीत नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणासाठी राखावा असं म्हटलंय. गंगेसाठी 2018 मध्ये केंद्राने आकडेच ठरवले. देवप्रयाग ते हरिद्वार आणि त्याच्या वरच्या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मेमध्ये 25 टक्के, जून ते सप्टेंबर 30 टक्के.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या : आकडा वर्षभर एकच नाही. कोकणातल्या नद्या मुळातच पावसाच्या, मेमध्ये त्या बारीक होतातच. म्हणून "रोज अमुक लिटर सोडा" एवढा नियम पुरत नाही. कुठल्या महिन्यात किती आणि मोजायचं कुठे, हेही ठरवावं लागतं. धरणातून किती सोडलं हे बघून भागत नाही, कारण कालवे आणि पाईप वाटेत आहेत. मोजायचं कवडासच्या खाली, सगळ्यांनी आपापलं उचलून झाल्यावर.

मग आपण तहानलेलं राहायचं?

अजिबात नाही. पिण्याचं पाणी हा हक्कच आहे. पण गळकी टाकी भरत बसण्याला तहान म्हणत नाहीत. समजा 218 पैकी 20 टक्के पाणी वाटेत गळालं, तर रोज साधारण 44 दशलक्ष लिटर गेले. माणशी 135 लिटरने हे तीन लाखांहून जास्त लोकांचं पाणी झालं! ते वाचवलं तर तेवढा नवा पाईप नदीत टाकावा लागत नाही. बांधकामाला, बागांना, फ्लशला प्रक्रिया केलेलं सांडपाणी चालतं. सोसायटीला मीटर बसवता येतो.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी करण्यासारखी आहे. धरणात किती टक्के साठा आहे हे आपल्याला मोबाईलवर दिसतं. तसंच बंधाऱ्याच्या खाली आज किती पाणी वाहतंय, हाही आकडा रोज दिसू दे. जे मोजलंच जात नाही त्याचा वाटा सगळ्यात आधी कापला जातो, आणि नदी काही ग्रुपवर मेसेज टाकत नाही.

तुमच्या गावच्या नदीला मेमध्ये किती पाणी असतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू. तोवर नळ नीट बंद करा!