‘मूळ गाण्याची सर नाही’ या मताचं संशोधन कसं करायचं?

जुनी गाणी कुणी नव्याने गायली की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘चांगलं आहे, पण मूळ गाण्याची सर नाही.’ संगीत, मानसशास्त्र, समाजशास्त्र, माध्यमं, कुठल्याही विषयात संशोधन करायचं असेल तर हे वाक्य सरावासाठी फार उपयोगी आहे. दिसायला साधं, मोजायला मात्र अवघड.

आधी उदाहरणं बघू. रॉक गायक डेव्हिड बोवीने १९७३ साली ‘पिन अप्स’ हा अल्बम काढला. त्यातली सगळी गाणी साठच्या दशकातल्या इतरांची. आपल्याकडे लता मंगेशकरांचा १९९२ चा ‘श्रद्धांजली’ आठवा. सैगल, पंकज मलिक, रफी, मुकेश, किशोरकुमार, हेमंतकुमार यांची गाणी लताबाईंनी स्वतःच्या आवाजात गायली. आता समजा, तुम्हाला ‘श्रद्धांजली’बद्दल श्रोत्यांची मतं अभ्यासायची आहेत. प्रश्नावली बनवायची, १ ते ५ गुण मागायचे, सरासरी काढायची, झालं! असं वाटतं ना? इथेच गडबड होते.

सरासरी काय लपवते?

एक काल्पनिक आकडेमोड करू. ६० श्रोते. त्यातल्या ३० जणांचं बालपण सैगल ऐकत गेलं, त्यांनी प्रत्येकी २ गुण दिले. उरलेल्या ३० जणांनी मूळ गाणी कधी ऐकलीच नव्हती, त्यांनी प्रत्येकी ४ दिले. सरासरी येते ३. तुम्ही निष्कर्ष लिहिता, ‘श्रोत्यांना अल्बम ठीकठाक वाटला.’ पण ३ गुण देणारा एकही माणूस तुमच्याकडे नाही! म्हणून आधी वितरण काढून बघा, सरासरी नंतर. आणि ‘मूळ गाणं आधी ऐकलं होतं का? कुठल्या वयात?’ हा प्रश्न प्रश्नावलीत असलाच पाहिजे. साधारण दहा ते पंचविशीत ऐकलेली गाणी माणसाला आयुष्यभर जवळची वाटतात, हे स्मृतीवरच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे.

मूळ म्हणजे कुठलं?

हा प्रश्न आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर जास्त टोकदार होतो. ‘मी डोलकर’ हे गीत शांता शेळके यांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाई आणि हेमंतकुमार यांचे. रेकॉर्डच्या हिशोबाने मूळ तेच. पण थळ, रेवदंडा, मुरूड किंवा करंजाच्या एखाद्या पोराने ते पहिल्यांदा हळदीच्या रात्री बेंजोवर ऐकलं असेल तर? त्याच्या कानाला मूळ ते बेंजोवालंच. लताबाईंचं ऐकून तो म्हणू शकतो, ‘फार संथ आहे.’ आणि आगरी लग्नात धवलारीण जे धवळे म्हणते, त्यांचं तर एकच एक ‘मूळ’ रूप दाखवताच येत नाही.

म्हणजे श्रोत्याचं ‘मूळ’ बहुतेक वेळा प्रकाशनाच्या तारखेवर ठरत नाही, कानावर आधी काय पडलं त्यावर ठरतं. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. मग ‘मूळ सरस’ हे मत गाण्याबद्दल आहे की सवयीबद्दल?

हे वेगळं कसं करायचं? प्रसिद्ध गाणं वापरून जमणार नाही, कारण कुणी ते आधी ऐकावं हे तुमच्या हातात नाही. म्हणून कुणालाच माहीत नसलेलं गाणं घ्या, त्याची दोन रूपं घ्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाला आठवडाभर पहिलं रूप ऐकवा, दुसऱ्याला दुसरं. मग दोन्ही गटांना दोन्ही रूपं ऐकवून पसंती विचारा. दोन्ही गटांना आपापलं ‘आधीचं’ आवडलं, तर सवय काम करतेय. दोघांनाही एकच रूप आवडलं, तर त्या रूपात काहीतरी आहे.

कोण बोलतं, कोणासमोर बोलतं?

मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा २००६ चा प्रयोग जरूर वाचा. १४ हजारांहून जास्त लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काहींना इतरांनी किती वेळा डाउनलोड केलं ते दिसत होतं, काहींना नाही. आकडे दिसणाऱ्या लोकांचे ८ वेगवेगळे गट होते. त्या गटांत लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, आणि प्रत्येक गटात पुढे गेलेली गाणी सारखी नव्हती. अगदी उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, पण मधल्यांचं काहीच सांगता येत नव्हतं.

याचा धडा सरळ आहे. देवळाच्या ओट्यावर दहा जणांना एकत्र बसवून मत विचारलंत, तर पहिल्या काकांचंच मत दहा वेळा नोंदवाल. एकेकट्याला, हेडफोन लावून विचारा.

वेळही बघा. यांत्रिक बोटींना साधारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. हंगामात कोळीवाड्यात गेलात तर बरेच पुरुष समुद्रावर आणि सकाळी बायका बाजारात. जे घरी सापडले तेच ‘कोळी श्रोते’ म्हणून तुमच्या प्रबंधात येतील. ज्यांच्या आयुष्यावर ती गाणी आहेत तेच नमुन्यातून गळतील. हे नुकसान नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

तेव्हा आराखडा लिहिताना ‘श्रोत्यांचं मत अभ्यासणे’ एवढ्यावर थांबू नका. कोणते श्रोते, त्यांनी आधी काय ऐकलंय, कोणत्या क्रमाने ऐकवणार, एकट्याने की घोळक्यात, हे चार मुद्दे लिहा. मार्गदर्शकांचे निम्मे प्रश्न तिथेच संपतील. उरलेल्या निम्म्यांसाठी पाच माणसांवर प्रश्नावली वापरून बघा, आणि मगच साठांकडे जा.