गाईच्या ढेकरातून जातो आपला चारा

मानवत तालुक्यात कोणत्याही गोठ्यावर जा, एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, कडबा पोटभर घालतो, तरी गाईच्या अंगी लागत नाही. खाल्लेलं जातं तरी कुठं?" त्यातला काही भाग ढेकरातून जातो, असे सांगितले की माणसे हसतात. पण गोष्ट खरी आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, गाईचे कोठीपोट म्हणजे चालतीबोलती गोबरगॅसची टाकीच. कडब्यातला चिवट भाग गाय स्वतः पचवू शकत नाही. कोठीपोटातील सूक्ष्मजीव तो आंबवतात. त्यातून गाईला शक्ती देणारी आम्ले तयार होतात, शिवाय हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायूही. या दोन वायूंपासून मिथेन बनवणारे जीव निराळे असतात. साध्या जिवाणूंहून त्यांची जातकुळीच वेगळी, हे अमेरिकेतील कार्ल वूज यांनी १९७७ साली दाखवले. मिथेन म्हणजे जळणारा वायू. खाद्यातील शक्तीचा शेकडा २ ते १२ भाग त्याच्याबरोबर निघून जातो.

हे जीव ओळखायचे कसे? कोठीपोटातील रस गाळून त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कोण कोणाचा ते कळत नाही. मात्र अनुस्फुरण सूक्ष्मदर्शकातून जांभळा प्रकाश टाकला, की मिथेन बनवणारे जीव कोणताही रंग न लावता निळसर-हिरवे चमकतात. त्यांच्या अंगातील 'एफ-४२०' या पदार्थाची ही किमया. चमक लवकर विझते, म्हणून पाहणाऱ्याला घाई करावी लागते. त्यातले काही, हायड्रोजन सोडणाऱ्या मोठ्या एकपेशी जीवांना चिकटून बसलेले दिसतात. जिथे दाणापाणी, तिथे बिऱ्हाड!

मग या जिवांना मारून टाकावे काय? मुळीच नाही. ते हायड्रोजन उचलतात. तो साठला तर चाऱ्याचे पचनच मंदावते. ढेकर थांबला तर पोटफुगी होते. म्हणून घरगुती औषधे पाजू नका. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने तुरट वनस्पतींपासून 'हरित धारा' हे पूरक खाद्य तयार केले आहे. त्याने मिथेन शेकडा १७ ते २० कमी होतो, असे संस्था सांगते.

आपल्या हातातला उपाय गव्हाणीत आहे. कडब्याची कुट्टी करा, म्हणजे नासाडी टळते. नुसत्या कडब्यावर गाय ठेवू नका. जोडीला लसूणघास किंवा चवळीसारखा द्विदल हिरवा चारा, मापात सरकी पेंड, खनिज मिश्रण आणि स्वच्छ पाणी द्या. खाद्यातला बदल एकदम नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. समतोल खाद्याने दूध वाढते आणि लिटरमागे वाया जाणारा वायू घटतो.

मराठवाड्यात कडब्याची पेंढी दुष्काळात सोन्याच्या मोलाची होते. तिची शक्ती हवेत न जाता दुधाच्या भांड्यात उतरली पाहिजे.