कायदा कोणाचा?

कायद्याच्या विद्यार्थ्याला एरवी जे शिकवले जाते त्याचा मथितार्थ असा, की दोन पक्षकारांपैकी खरे कोण हे कसे ठरवावे; परंतु खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तासाला ही सवय त्याला आवरावी लागते, कारण दावा कोणत्या देशाच्या न्यायालयात चालावा, त्याला कोणत्या देशाचा कायदा लागू व्हावा आणि परदेशचा हुकूमनामा इकडे कितपत मानावा, हे सुटेपर्यंत खऱ्याखोट्याचा विचारच निघत नाही. नाव आंतरराष्ट्रीय असले तरी हे नियम बहुतांशी ज्या त्या देशाचे आपापले असतात, आणि त्यांचा संबंध राष्ट्रांच्या तंट्यांशी नसून नवराबायको, वारसदार, व्यापारी अशा सामान्य माणसांशी येतो.

हा विषय नियम पाठ करून नव्हे, तर मुकदम्यातूनच उमगतो, असे माझे मत आहे. आपल्याकडे हमखास शिकवला जाणारा एक मुकदमा सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली निकालात काढला. १९५५ साली जालंदरला विवाह झालेला वनखात्यातला एक नोकर १९५९ साली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला आणि पुढे युटा राज्यात नोकरीस लागला. इकडे पत्नीने पोटगीचा अर्ज केला, तेव्हा त्याने नेवाडा राज्यातील न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा पुढे केला. तेथे सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोटाचा दावा लावता येत असे. वर्ग त्या स्त्रीच्या बाजूने कळवळून बोलू लागला, की जाणता शिक्षक एवढेच विचारतो, "नेवाड्याच्या न्यायालयाला हा अधिकार आला कोठून?" मग अधिवास म्हणजे काय, तात्पुरता मुक्काम आणि कायम राहण्याचा इरादा यांत अंतर कोणते, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३व्या कलमान्वये परदेशी निकाल केव्हा अमान्य होतो, हे ओघाने येते. न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी निकालपत्रात तो हुकूमनामा अधिवासाच्या खोट्या बतावणीवर, कपटाने मिळवलेला ठरवला. पण हे वर्गाला अगदी शेवटी सांगावे.

व्यवसायात पडलेल्यांसाठी आणि अध्यापकांसाठी हेगच्या शांतिप्रासादात १९२३ पासून आंतरराष्ट्रीय कायद्याची अकादमी उन्हाळी वर्ग भरवीत आली आहे. तिच्या व्याख्यानांची ग्रंथमाला प्रसिद्ध आहे. मला मात्र मोठा लाभ वाटतो तो सहाध्यायांचा, कारण अधिवास हाच पाया मानणाऱ्या आपल्या वकिलाशेजारी, व्यक्तीचा कायदा तिच्या नागरिकत्वावरून ठरवणाऱ्या परंपरेत वाढलेला युरोपीय वकील बसलेला असतो.

आपल्या दाराशी असलेला गोवा तर परीक्षकांना आयताच सापडलेला आहे. गोव्यात अधिवास असलेल्या इसमाची मुंबईत स्थावर मिळकत असेल, तर तिची वाटणी कोणत्या कायद्याने करावी, एवढे विचारताच, १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता समोर दिसल्यामुळे विद्यार्थी परकीय कायद्याच्या ऊहापोहात दोनचार पाने खर्ची घालतो. वास्तविक ती संहिता भारतीय संसदेच्या १९६२ च्या अधिनियमान्वये गोव्यात चालू राहिली, म्हणून ती भारताचाच कायदा झाली, आणि गोवेकराच्या भारतातील कोठल्याही मिळकतीच्या वारसाहक्कास तीच लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. तेव्हा या प्रश्नात खाजगी आंतरराष्ट्रीय कायदा मुळी येतच नाही, आणि ज्याने तेवढे एकच वाक्य लिहिले त्याला पुरे गुण मिळतात.